जुन्या खाणावळीचं संग्रहालय: रंगाचा डबा उघडण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा: वाई तालुक्यात, पसरणी घाटाच्या वाटेवरच्या एका गावात जुनी दुमजली खाणावळ आहे. खाली पंगतीचा सोपा आणि स्वयंपाकघर, वर मुक्कामाच्या खोल्या. मालक कुटुंब ती गावाला द्यायला तयार आहे. तरुण मंडळाने वर्गणी जमवली आहे. दिवाळीपर्यंत फरशी, रंगकाम आणि काचेची कपाटं करून संग्रहालय उघडायचा बेत आहे. सुरुवात कुठून करावी आणि काय टाळावं?

फरशी आणि रंग दोन्ही थांबवा, आणि दिवाळीची तारीख सोडून द्या. खाणावळीच्या संग्रहालयातली सगळ्यात मोलाची वस्तू ही इमारतच असते. धुराने काळं पडलेलं स्वयंपाकघर, हजारो पायांनी झिजलेला उंबरा, भिंतीवर रंगवलेले दर, पागोटी-छत्र्या अडकवायच्या खुंट्या. पितळी भांडी कुठल्याही जुन्या घराच्या माळ्यावर मिळतील, पण हे दुसरीकडे कुठेच मिळणार नाही. उत्साहाच्या पहिल्या दोन महिन्यांत घासून, खरवडून, फरशीखाली गाडून नेमकं हेच नाहीसं केलं जातं.

आधी कागद. गावठाणातल्या घराचा ग्रामपंचायतीचा नमुना ८ म्हणजे कर आकारणीची नोंद, तो मालकीचा पुरावा नव्हे. भूमी अभिलेख कार्यालयातून मिळकत पत्रिका काढा. स्वामित्व योजनेत गावठाणाची ड्रोन मोजणी झाली असेल तर ती मिळेल. पत्रिकेवर आजोबांचंच नाव असेल तर आधी वारस नोंद लावून घ्या, आणि बक्षीसपत्रावर सगळ्या वारसांच्या सह्या घ्या, लग्न होऊन गेलेल्या बहिणींच्या आणि आत्यांच्यासुद्धा. पुण्या-मुंबईत राहणाऱ्या एखाद्या सहहिस्सेदाराची सही राहिली, तर काम पूर्ण झाल्यावर आणि जागेचा भाव वाढल्यावर वाद उभा राहतो. कुटुंबाला मालकी सोडायची नसेल तर निदान ३० वर्षांचा नोंदणीकृत भाडेपट्टा करा. तोंडी शब्दावर एक कौलही बदलू नका. इमारत घेणारी संस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेली असावी. ग्रामपंचायतीचा प्रतिनिधी विश्वस्तांत जरूर घ्या, पण मालमत्ता विश्वस्त संस्थेच्या नावावर ठेवा. पंचायतीची कार्यकारिणी पाच वर्षांनी बदलते, आणि नव्या मंडळींना तिथे व्यापारी गाळे सुचू शकतात. विश्वस्त संस्थेची इमारत विकायची किंवा तीन वर्षांहून जास्त मुदतीने भाड्याने द्यायची तर कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. हा अडसर नसून तुमच्या संग्रहालयाचं संरक्षण आहे. केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकाच्या १०० मीटरच्या आत जागा येत असेल तर दुरुस्तीलाही परवानगी लागते, तेवढं तपासून घ्या.

कागद होईपर्यंत आत काहीही हलवू नका, नुसती नोंद करा. प्रत्येक खांबाला क्रमांक द्या. दोन खांबांमधला खण हेच मोजणीचं एकक धरा, म्हणजे गावातल्या सुतारालाही नकाशा वाचता येईल. खणागणिक चारही भिंती, जमीन आणि वरचा कडीपाट (लाकडी कड्या-फळ्यांचं छत) यांचे फोटो घ्या, प्रत्येक फोटोत मोजपट्टी दिसू द्या. तपेली कुठे होती, पाट कुठे रचलेले होते, रांजण कुठल्या कोपऱ्यात पुरलेला होता, हे वस्तू उचलण्याआधी नकाशावर मांडा. एकदा सगळं अंगणात काढलं की कुठलं भांडं चुलीजवळचं आणि कुठलं माळ्यावरचं हे कुणालाही सांगता येत नाही.

मग पाणी. जुन्या इमारतीचं नव्वद टक्के दुखणं पाण्याचं असतं. आपल्या सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस आणि माणदेशात जेमतेम पाचशे, त्यामुळे दुसऱ्या तालुक्यातला उपाय जसाच्या तसा उचलू नका. घाटाच्या पायथ्याशी पाऊस वाऱ्यासकट येतो आणि भिंतीवर आडवा मारतो. एक पावसाळा इमारतीत उभं राहून बघण्यात घालवा. पाणी कुठून येतं, कुठे साचतं, ओल भिंतीवर किती फूट चढते, प्रत्येक ठिकाणी पेन्सिलीने खूण करून तारीख टाका. ही एक वही पुढे ठेकेदाराशी बोलताना सगळ्यात कामाला येते.

छप्पर मंगळुरी कौलांचं असेल तर चौरस मीटरला साधारण १५ कौलं लागतात. सगळं छप्पर उतरवताना दहातलं एखादं तरी फुटतं. म्हणून आधी जुन्या पाडकामातून त्याच छापाची कौलं गोळा करा, मग उतरवायला घ्या. कौलाच्या पोटावरचा कारखान्याचा छाप वाचून ठेवा, वेगळ्या छापाची कौलं एकमेकांत नीट बसत नाहीत आणि फटीतून वाऱ्याचं पाणी आत येतं. वाईच्या भागात माकडं कौलं सरकवतात. त्यासाठी पत्रा घालायचा सल्ला हमखास मिळेल. घालू नका. पत्र्याखाली रात्री घाम सुटतो आणि तो थेट वाशांवर ठिबकतो. वळचणीच्या दोन ओळी आणि आढ्याजवळची एक ओळ तांब्याच्या तारेने रिपेला बांधली तरी बराच उपद्रव कमी होतो. वर्षातून एकदा, रोहिणी नक्षत्र लागण्याआधी, कौलं चाळून घेण्याचं काम कुणाचं हे विश्वस्तांच्या ठरावातच नावानिशी लिहा.

इमारत माण, खटाव किंवा जत-आटपाडीकडची असती तर कौलांऐवजी माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, असतं. तिथे वरची चोपण माती दर उन्हाळ्यात कुटून पुन्हा बसवणं एवढंच पथ्य. त्यावर सिमेंटचा थर ओतला की वजन वाढतं, भेग पडते, आणि भेगेतून गेलेलं पाणी बाहेर यायला वाट राहत नाही.

खाली भिंतीच्या पायाशी जोत्याभोवती तीन फूट रुंदीची पट्टी मोकळी करा. जमिनीला भिंतीपासून बाहेर उतार द्या, दर मीटरला दोन-अडीच सेंटिमीटर पुरे. रस्त्यावर डांबराचे थर चढत जातात आणि जोतं जमिनीत बुडतं, हे पुणे-सातारा पट्ट्यात जवळपास प्रत्येक रस्त्याकडेच्या जुन्या घराचं झालेलं आहे. तसं असेल तर भिंतीलगत चर खणून खडी भरा आणि चराचं पाणी गटाराकडे काढा. खणताना नाणी किंवा दागिने सापडले तर ते संग्रहालयाचे होत नाहीत. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

आता खांबाकडे या, आणि गुडघ्यावर बसून बघा. सागवानी खांब मुळात दगडी तळखड्यावर उभा असतो. लाकूड जमिनीला टेकू नये, खांबाच्या बुडाला वारा लागावा, हाच तळखड्याचा हेतू. मागच्या चाळीस-पन्नास वर्षांत कुणीतरी कोबा किंवा शहाबादी टाकून जमीन चार इंच वर घेतली असेल तर तळखडा पुरला जातो आणि खांबाचं बूड कोब्यात अडकतं. वरून खांब शाबूत दिसतो. स्क्रूड्रायव्हरचं टोक कोब्यालगत दाबून बघा. अर्ध्या इंचापेक्षा जास्त शिरलं तर आत कुजलेलं आहे. हातोडीने खालून वर ठोकत गेलात तर पोकळ आवाज कुठे संपतो ते कळतं. लाकडातली ओल मीटरने मोजा. २० टक्क्यांच्या वर बुरशी धरते, १५च्या आसपास असेल तर काळजी नाही.

पूर्ण खांब बदलू नका. कुजलेला तेवढाच भाग कापून जुन्या सागाचा तुकडा तिरक्या सांध्याने जोडावा. सांध्याची लांबी खांबाच्या जाडीच्या अडीच-तीन पट, सहा इंची खांबाला दीड फूट. स्टेनलेस स्टीलचे बोल्ट वापरा, साधं लोखंड सागात गंजून काळे डाग पाडतं. काम करताना तुळईला दोन्ही बाजूंनी टेकू द्या. जॅक एका वेळी दोन-तीन मिलिमीटरच चढवा आणि इमारतीला स्थिरावायला वेळ द्या. घाईने उचललं की वरच्या मजल्याच्या भिंतीला तडे जातात आणि पाटणीचे सांधे उघडतात. तळखड्याभोवतीचा कोबा फोडून तेवढी जागा कायम उघडी ठेवा. पाहुण्यांनाही ती दिसू द्या.

वाळवी असेल तर फरशी आणि भिंतीच्या सांध्यात ३० सेंटिमीटरवर १२ मिलिमीटरची छिद्रं पाडून प्रत्येकात साधारण एक लिटर औषधी द्रावण सोडतात. हे परवानाधारक माणसाकडूनच करून घ्या, आणि आवारात आड असेल तर त्या बाजूला करूच नका. लाकडासाठी बोरिक ॲसिड आणि टाकणखार (बोरॅक्स) चांगला. एक भाग ॲसिडला दीड भाग टाकणखार, गरम पाण्यात पाच टक्के द्रावण करून कोरड्या लाकडाला ब्रशने दोन-तीन हात. पाण्याने ते धुऊन जातं, म्हणून छप्पर आधी.

भिंतींबाबत एकच गोष्ट हट्टाने धरा: सिमेंट नको. मातीची किंवा चुन्यातली भिंत जमिनीतली ओल ओढते आणि अंगभर सोडते. सिमेंटचं प्लास्टर तिचं तोंड बंद करतं. मग ओल चढत चढत प्लास्टरच्या वर निघते, लोणा (क्षारांचा पांढरा थर) लागतो, आतली माती भुसभुशीत होते आणि भिंतीत गेलेली तुळईची टोकं कुजतात. आधीचं सिमेंट असेल तर हलक्या हाताने काढून भिंत एक पूर्ण उन्हाळा उघडी सुकू द्या. भिंतीवर आलेले हे क्षार कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुतले तर ते परत आत जातात.

नव्या गिलाव्याला कळीचा चुना विरवून निदान महिनाभर पाण्याखाली ठेवा. विरवताना पाण्यात चुना टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही. तो उसळतो आणि डोळे जातात, म्हणून गॉगल आणि हातमोजे सक्तीचे. एक भाग भिजलेला चुना, तीन भाग चाळलेली धुतलेली वाळू. बाहेरच्या पावसाच्या अंगाला त्यातली एक भाग वाळू कमी करून विटांची सुरखी (भुकटी) घाला. थर अर्ध्या इंचापेक्षा जाड नको. प्रत्येक थर आठ-दहा दिवस ओल्या गोणपाटाखाली राहिला पाहिजे, कारण चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड सावकाश घेऊन घट्ट होतो. दसऱ्यानंतर काम सुरू करून फेब्रुवारीअखेर संपवा. एप्रिलच्या उन्हात गिलावा वरून सुकतो, आतून कच्चा राहतो आणि हाताला पांढरी भुकटी लागते. आत मातीचा गिलावा असेल तर मातीचाच करा. चाळलेली माती, गव्हाचा भुसा आणि शेण आठवडाभर कुजवून.

आता स्वयंपाकघर. इथे सगळ्यात जास्त चुका होतात, कारण काजळी म्हणजे घाण असं सगळ्यांना वाटतं. चुलीवरच्या भिंतीचा आणि वाशांचा तो काळा, चकचकीत थर म्हणजे त्या घरात किती वर्षं आणि किती जणांचा स्वयंपाक झाला याचा थेट पुरावा आहे. सोड्याच्या पाण्याने घासलं की तेलकट काजळी विरघळून गिलाव्यात मुरते आणि करडे ओघळ उमटतात, ते परत निघत नाहीत. फक्त लोंबणारी जळमटं काढा. मऊ ब्रशने झाडायची आणि व्हॅक्यूमच्या तोंडाला मलमल बांधून ओढून घ्यायची. चूल, वैल (चुलीला जोडलेली बाजूची चूल), भाणवस (चुलीमागचा ओटा), राख काढायची जागा, सरपणाचा कोपरा जसाच्या तसा ठेवा. चुलीला नव्याने मातीचा हात देऊन रांगोळी काढायचा मोह होईल. ते प्रात्यक्षिकासाठी परसात दुसरी चूल मांडून करा.

पंगतीच्या सोप्यातल्या भिंतीवर दरपत्रक रंगवलेलं दिसत असेल, किंवा चुन्याखाली काही अक्षरं जाणवत असतील, तर खरवडणी अंगावर घेऊ नका. आडोशाच्या जागी पाच सेंटिमीटरची चौकट आखून, बोथट स्काल्पेलने एकेक हात उलगडा आणि पायऱ्यांसारखे थर उघडे ठेवा. दर आण्यांत असतील तर ती पाटी १ एप्रिल १९५७ च्या आधीची किंवा लगतची, कारण त्या दिवशी नवे पैसे आले. शेर-पायलीचे उल्लेखही साधारण १९६० च्या सुमारास संपतात. वर्षाशिवायच्या पाटीची तारीख अशा खुणांवरून लागते.

यानंतरची मोठी ठेव म्हणजे वह्या. रोजकीर्द, खतावणी, उधारीच्या वह्या, मुक्कामाच्या नोंदी. कोण गाडीवान कुठून आला, किती जण जेवले, ज्वारी आणि तूप कुणाकडून घेतलं, पैसे कुणी बुडवले, हे त्यात आहे. गावाचा इतिहास एवढ्या बारकाईने दुसरीकडे लिहिलेला सापडत नाही. त्या बहुधा मोडीत असतील. तारीख शके असेल तर ७८ मिळवा, चैत्रातल्या पाडव्याला वर्ष बदलतं हे लक्षात ठेवून. वाचणारे मिळेपर्यंत त्या जगल्या पाहिजेत. कसर लागली असेल तर प्रत्येक वही दोन पॉलिथिन पिशव्यांत हवाबंद करून उणे १८ ते २० अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडू नका, नाहीतर थंड कागदावर पाणी धरतं. ओली किंवा ओलसर बुरशी धरलेली वही आधी वाऱ्यावर सुकवा. डांबरगोळ्या, सेलोटेप, लॅमिनेशन या तिन्ही गोष्टी वर्ज्य. गुंडाळायला धुतलेला कोरा मांजरपाट घ्या. लाल खारव्याचा रंग ओलीत सुटतो. मूळ वही प्रदर्शनात कायम उघडी नको. एक पान तीन महिने, ५० लक्सच्या मंद उजेडात, मग दुसरं. वाचकांना फोटो द्या. वहीत ज्यांची उधारी थकलेली दिसते त्यांचे नातवंडं गावातच राहतात. अलीकडच्या वह्यांतली नावं झाकूनच दाखवा.

संग्रहालय जाहीर झालं की लोक वस्तू आणून देऊ लागतात. प्रत्येक वस्तूला आवक नोंदवहीत क्रमांक, आणणाऱ्याची सही, आणि दानपत्र. ‘असू दे तुमच्याकडे, लागली तर नेऊ’ या बोलीवर काहीच घेऊ नका, आणि ‘कायम दर्शनी ठेवा’ ही अटही मान्य करू नका. क्रमांक थेट वस्तूवर लिहू नका. आधी पॅरलॉइड बी-७२ या ॲक्रिलिक रेझिनचा पारदर्शक हात, त्यावर अंक, त्यावर पुन्हा हात. ॲसिटोनने तो निघतो. तांब्या-पितळेला चिंच किंवा पॉलिश पावडर लावू नका, दर घासणीला धातूचा थर जातो आणि कोरलेलं नाव पुसट होतं. जुनी कल्हईही तशीच राहू द्या. गावशिवेवरचे वीरगळ किंवा सतीशिळा कुणी उचलून आणू म्हणालं तर ठाम नकार द्या. ती जागीच असावीत. शंभर वर्षांवरच्या मूर्ती आणि चित्रं आली तर १९७२ च्या पुरावशेष कायद्याखालची नोंदणी तपासा.

मांडणीत एक विषय टाळला जाईल, तो टाळू नका. खाणावळीत पंगत कुणाची वेगळी बसायची, पाणी कुणाला वरून वाढलं जायचं, कुणाच्या कपबश्या बाहेरच्या कोनाड्यात असायच्या, हे जुन्या माणसांना विचारून नोंदवा. त्यांच्या लेखी संमतीने आवाज ध्वनिमुद्रित करा. ‘तेव्हाचं काही सांगा’ असं विचारलं तर काही मिळत नाही. ‘भांडी कोण घासायचं, ती व्यक्ती कुठे बसून जेवायची’ असं विचारा. याच साताऱ्यात १९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी वसतिगृहात सर्व जातींची मुलं एकत्र राहतील, एकत्र जेवतील असं केलं, आणि १९२७ मध्ये गांधीजींनी त्याला शाहू बोर्डिंग हे नाव दिलं. त्या काळातल्या खाणावळीची पंगत शेजारी ठेवून दाखवली तर शाळकरी मुलांना त्या पाऊलाचं मोल कळेल. बाहेरचा तो कोनाडा शाबूत असेल तर त्यात काहीही सजवू नका, रिकामाच ठेवा आणि शेजारी दोन ओळी लिहा.

चालवण्याचा हिशेब आधीच मांडा. वीज भिंतीच्या बाहेरून नळीतून न्या, गिलावा कोरून नको, आणि ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारं बटण) बसवा. वह्यांच्या खोलीत कागदाच्या आगीला चालणारं क्लीन एजंट अग्निशामक ठेवा. कार्बन डायऑक्साइडचं कागदाची धुमसती आग नीट विझवत नाही, आणि पावडरचं वस्तू खराब करतं. आर्द्रतामापी प्रत्येक दालनात एक. आकडा ६५ च्या वर टिकला की बुरशीची वेळ जवळ आली. अशा दिवशी पंखे चालू, कपाटांची दारं किलकिली, आणि बाहेर पाऊस असेल तर खिडक्या बंद. वरच्या मजल्याच्या पाटणीची तपासणी संरचना अभियंत्याकडून करून घ्या, आणि तो सांगेल त्याहून दोन माणसं कमीच एका वेळी वर सोडा. शाळेची सहल आली की हा नियम सगळ्यात आधी मोडतो, म्हणून जिन्यापाशी साखळी आणि एक माणूस हवाच. उंबरा फोडून उतार करू नका. बाजूच्या दाराला एकास बारा उताराचा सुटा लाकडी रॅम्प करा.

पैशांसाठी कंपन्यांकडे जाताना कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या (सीएसआर) खर्चाच्या यादीत, ऐतिहासिक इमारतींचं जतन येतं, हे पत्रातच लिहा. संस्थेची आणि देणगीदारांची प्राप्तिकर सवलत मिळवून देणारी नोंदणी (१९६१ च्या कायद्यात १२ए आणि ८०जी म्हणून ओळखली जाणारी) आधी करून घ्या. मिळालेल्या रकमेतून काही भाग मुदत ठेवीत टाका, कारण दुरुस्तीला देणारे भेटतात, झाडूवाल्याच्या पगाराला नाही. परसातल्या नव्या शेडमध्ये चहा आणि ठरावीक दिवशी पिठलं-भाकरी, झुणका, आमटी-भात असं बचत गटाला चालवायला द्या. महाबळेश्वर-पाचगणीची वर्दळ दारावरूनच जाते, थांबायला जागा असेल तर ती थांबते. सिलिंडर आणि शेगडी मूळ इमारतीत कोणत्याही सबबीखाली नको. गटाशी करार ११ महिन्यांचा आणि नोंदणीकृत करा, आणि त्यातच लिहा की स्वयंपाकघरातली कोणतीही जुनी भांडी वापरायला काढली जाणार नाहीत.